फोनचं पहिलं पान

डोंबिवली पूर्वेला, संध्याकाळच्या गाड्या भरभरून माणसं उतरवू लागल्या की स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या गाळ्यांपुढे गर्दी जमते. बहुतेकांना स्क्रीन गार्ड, कव्हर, नाहीतर चार्जर हवा असतो. पण तिथे थोडा वेळ उभं राहिलं की आणखी एक मागणी कानावर येते: ‘ॲप लॉक टाकून द्या.’ कॉलेजातला मुलगा गॅलरीला लॉक मागतो, नोकरीवरून परतणारी बाई व्हॉट्सॲपला, रिक्षाचालक पैशांच्या ॲपला. मागणाऱ्याचा आवाज जरा खाली आलेला असतो. गाळ्यातला मुलगा मात्र कारण विचारत नाही. फोन हातात घेतो, पाच-सहा ठिकाणी ‘अलाउ’ दाबतो आणि पॅटर्न टाकायला फोन परत देतो. त्या क्षणी तो मान दुसरीकडे वळवतो. हा शिष्टाचार त्याला कुणी शिकवलेला नाही.

दुसरी मागणी याच्या अगदी उलट. मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांचा फोन घेऊन येते आणि म्हणते, ‘हा जरा सोपा करून द्या, त्यांना काही सापडत नाही.’ ठाण्यात गोखले रोडवर आणि कल्याणला स्कायवॉकखालच्या दुकानांतही हे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. एकाला काही झाकायचं असतं, दुसऱ्याला काही समोर आणायचं असतं. पण खोलात गेलं तर मागणं एकच आहे: मी पैसे मोजून घेतलेल्या या वस्तूचं पहिलं पान माझ्या मर्जीने असावं. दिवसातून शंभरदा आपण जे पान उघडतो, ते कोणी ठरवलं याचा विचार आपण फार कमी करतो. तो करायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि तो करण्यासाठी ठाणे-कल्याण-डोंबिवलीइतकी योग्य जागा नाही. इथे घरं लहान आहेत, प्रवास मोठा आहे, आणि फोन जवळजवळ कधीच एकट्याचा नसतो.

आधी यंत्राबद्दल. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, तेव्हापासून त्याच्या रचनेत एक मोकळीक आहे. होम स्क्रीन, म्हणजे आयकॉन मांडलेलं ते पहिलं पान, हे फोनच्या गाभ्याचा भाग नाही. तेही एक ॲपच आहे. त्याला लाँचर म्हणतात. ‘होमचं बटण दाबलं की मला बोलव’ एवढं ज्या ॲपने फोनला कळवून ठेवलंय, ते कुठलंही ॲप या जागेवर बसू शकतं. म्हणून नवीन लाँचर टाकून होमचं बटण दाबलं की फोन विचारतो, हे फक्त एकदा की नेहमी? कंपनीने दिलेलं पहिलं पान बाजूला सारण्याचा अधिकार त्या एका प्रश्नात आहे. आयफोनने हा अधिकार आजतागायत दिलेला नाही. तिथे २०२० पासून विजेट लावता येतात, २०२४ पासून आयकॉन हवे तिथे ठेवता येतात, पण पान ॲपलचंच.

ज्यांची तरुणाई २०११ ते २०१३ या काळात गेली, त्यांना गो लाँचर आठवत असेल. सॅमसंगचा गॅलक्सी वाय, मायक्रोमॅक्सचे, कार्बनचे स्वस्त फोन. स्क्रीन तळहाताच्या निम्म्याएवढी, मेमरी इतकी तुटपुंजी की तीन ॲप टाकली की चौथ्याला जागा नाही. तरीही त्या फोनांवर मुलं गो लाँचर, एडीडब्ल्यू, एपेक्स चढवायची. पान उलटताना घनाकृती फिरायची, आयकॉन सोन्याचे नाहीतर लाकडाचे दिसायचे, मागे पाऊस पडायचा. इंटरनेट महाग होतं. जिओ यायला अजून काही वर्षं होती, ते आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. त्यामुळे ही ॲपं ब्लूटूथवरून आणि पुढे शेअरइटवरून हातोहात फिरायची. स्टेशनबाहेरचे गाळेवाले मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे, त्यासोबत थीमही द्यायचे. घरात स्वतःचं कपाट नसलेल्या मुलाला स्वतःच्या मनासारखी सजवता येईल अशी ती पहिली जागा होती. त्याला नुसतं खूळ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आज याच पट्ट्यात सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारे कित्येकजण सांगतील की संगणकाची भीती त्या लाँचरच्या सेटिंगमध्ये खुडबुड करताना गेली.

कंपन्यांना मात्र पहिल्या पानाची किंमत आपल्याआधी कळली होती. पानावर जे समोर असतं तेच माणूस वापरतो, हे साधं गणित आहे. फोन बनवणाऱ्यांनी गूगलचं प्ले स्टोअर घ्यायचं, तर गूगलशी करार करावा लागे. त्या करारानुसार गूगलची ठरलेली ॲपं आधीच भरलेली असायची, आणि त्यांचा शोधपट्टा होम स्क्रीनवर ठरलेल्या ठळक जागी ठेवावा लागायचा. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी याच मुद्द्यांवर गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्या वर्षीच्या दिवाळीला चारच दिवस उरले होते. १९ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला, आणि आठवडाभरात गूगलने भारतासाठी काही अटी सैल करत असल्याचं जाहीर केलं. मार्चअखेर अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. हा सगळा वाद आपल्या बोटाखालच्या एका पट्ट्याच्या जागेवरून होता. डोंबिवलीच्या गाळ्यात तो पट्टा काढून टाकायला सांगणारा मुलगा आणि दिल्लीतला आयोग एकाच प्रश्नावर बोलत होते, इतकंच की एकमेकांच्या कानावर ते बोलणं पोचत नव्हतं.

आपल्याकडेही याच जागेसाठी एक गंभीर प्रयत्न झाला, आणि तो ठाण्यापासून तासाभराच्या अंतरावर, पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी केला. राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बंगारमबंडी यांनी उभी केलेली फर्स्टटच ही अँड्रॉइडवर रचलेली यंत्रणा २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनवर आली. त्याच वर्षाअखेर तिचं नाव इंडस ओएस झालं. तिचा विचार साधा आणि फार योग्य होता: ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी फोनचं पहिलं पान आणि कीबोर्ड घडवायचा. लिहिलेल्या मजकुरावर बोट सरकवलं की भाषांतर किंवा लिप्यंतर व्हायचं. त्यांच्या ॲपच्या दुकानात जायला ईमेल लागत नसे. हे शेवटचं वाचताना किरकोळ वाटेल. पण ज्या बाईने आयुष्यात ईमेल काढलेला नाही, तिच्यासाठी गूगलचं दुकान कुलूपबंदच असतं. तिचा ईमेल दुकानदार काढून देतो, पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो, आणि दोन वर्षांनी फोन बदलताना तो कुणालाच आठवत नाही. हा प्रसंग या तिन्ही शहरांत रोज घडतो.

पुढे काय झालं? चिनी कंपन्यांचे स्वस्त आणि बरे फोन आले, मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्या मागे पडल्या आणि त्यांच्या फोनवर बसलेलं इंडसही फोनच्या पहिल्या पानावरून सरकून ॲपच्या दुकानापुरतं उरलं. २०१९ मध्ये सॅमसंगने आपल्या दुकानासाठी त्यांच्याशी हातमिळवणी केली, २०२२ मध्ये कंपनी फोनपेकडे गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर नव्या रूपात आलं, मराठीसह बारा भारतीय भाषांत. अँड्रॉइडने स्वतः मराठीत बोलायला सुरुवात केली होती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून. तरीही फोनची भाषा मराठी ठेवणारे आपल्यात कमी. सुशिक्षित घरांतली मुलं आई-वडिलांचा फोन हातात घेतात तेव्हा भाषा आधी इंग्रजी करतात, कारण त्यांना स्वतःला सेटिंग सापडायला हवी असते. मला हे खटकतं. फोन ज्याचा, भाषा त्याची असायला हवी.

आता कुलपाकडे येऊ, कारण गाळ्यातली गर्दी मुख्यतः त्यासाठी आहे.

वन आरकेमध्ये पाच माणसं राहतात, तेव्हा फोन चार्जिंगला एकाच बोर्डापाशी लागतात. पाहुणा आला की लहान पोर कुणाचाही फोन उचलतं. भाऊ बहिणीच्या फोनवरून जेवण मागवतो, सासूबाई सुनेच्या फोनवर भजन लावतात. अशा घरात फोन अख्खाच्या अख्खा बंद ठेवला तर तो अविश्वास ठरतो. ‘आमच्यापासून काय लपवायचंय एवढं?’ हा प्रश्न येतोच. ॲप लॉकची गरज तिथे निर्माण होते. फोन सगळ्यांना द्यायचा, पण त्यातली एक-दोन दारं आपल्यापुरती ठेवायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. उरलेल्यांचा फोन नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर घराचा. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातही तो पूर्णपणे त्यांचाच असतो असं नाही. म्हणून ॲप लॉक मागणारी बाई काही गैर करत असेल असं गृहीत धरणं हा तिच्यावर अन्याय आहे. मैत्रिणीशी केलेलं बोलणं, माहेरच्या आजारपणाच्या गोष्टी, डॉक्टरचे कागद, साठवलेले थोडे पैसे एवढंच बहुधा त्या दारामागे असतं.

पण हे दार म्हणजे खरं तर दार नाही, पडदा आहे, आणि हे गाळ्यात कुणी सांगत नाही. बाहेरून आणलेलं ॲप लॉक दुसऱ्या ॲपला कुलूप लावूच शकत नाही, कारण अँड्रॉइडमध्ये एका ॲपला दुसऱ्याच्या आत जायची परवानगी नसते. ते फक्त लक्ष ठेवतं. तुम्ही गॅलरी उघडली की ती खरोखर उघडते. लॉकच्या ॲपला हे क्षणार्धात कळतं आणि ते तिच्यावर आपला पॅटर्नचा पडदा ताणतं. कोणतं ॲप समोर आहे हे पूर्वी अशा ॲपना सहज विचारता यायचं. अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीने ती वाट बंद केली, तेव्हापासून ‘वापराचा तपशील पाहू द्या’ ही खास परवानगी मागावी लागते. पडदा ताणण्यासाठी ‘इतर ॲपवर दिसू द्या’ ही दुसरी. लॉकचं ॲपच कुणी काढून टाकू नये म्हणून ‘डिव्हाइस ॲडमिन’ ही तिसरी. आणि अनेक ॲपं यांच्या जोडीला ‘ॲक्सेसिबिलिटी’ मागतात. गाळ्यातला मुलगा जे पाच-सहा वेळा ‘अलाउ’ दाबतो ते हेच.

पडदा असल्याने तो उडतोही. बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲपं बंद करायची खोड अनेक फोनांना असते, त्यात लॉकचं ॲपही मरतं आणि कुलूप पडतच नाही. फोन सेफ मोडमध्ये चालू केला की बाहेरून टाकलेलं कुठलंच ॲप चालत नाही, लॉकही नाही. हे दहावीतल्या मुलांना पक्कं माहीत असतं. व्हॉट्सॲपला लॉक असलं तरी निरोप वरच्या नोटिफिकेशनमध्ये वाचता येतो. आणि सगळ्यात दुःखाची गोष्ट फोटो लपवणाऱ्या व्हॉल्टची. वरून कॅल्क्युलेटर दिसणारं आणि आत फोटो ठेवणारं ॲप तुम्ही पाहिलं असेल. अशी कित्येक ॲपं फोटो स्वतःच्याच पोटात ठेवतात. फोन हळू चालतोय म्हणून कुणीतरी ते ‘जादा कॅल्क्युलेटर’ काढून टाकतं आणि बाळाच्या पहिल्या वर्षाचे फोटो त्यासोबत जातात. ते परत आणायला गाळ्यावर आलेल्या माणसाला बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी जावं लागतं.

खरी काळजी मात्र परवानग्यांची आहे. ॲक्सेसिबिलिटी ही सोय दृष्टिहीन आणि इतर दिव्यांगांसाठी केलेली आहे. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवणं आणि त्यांच्या वतीने बटणं दाबणं, हे तिचं काम. अंध माणसाला तिने जग उघडून दिलं. पण जे ॲप स्क्रीन वाचू शकतं ते ओटीपीही वाचू शकतं, आणि जे बटण दाबू शकतं ते पैसे पाठवण्याचंही दाबू शकतं. लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं चलान किंवा बँकेची केवायसी अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलींतली अनेक ॲपं याच परवानग्यांमागे असतात. गूगलने २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून दुकानाबाहेरून आलेल्या ॲपना ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी मिळू नये असा अडसर घातला. पण अडसर काढायची वाटही सेटिंगमध्येच आहे, आणि समोरचा चोर ती फोनवरून पायरी-पायरीने सांगतो. ज्या माणसाने एकदा ॲप लॉकसाठी सहा वेळा ‘अलाउ’ दाबलेलं पाहिलंय, त्याला सातव्यांदा दाबताना काही वावगं वाटत नाही. सवय तिथे लागते.

२९ जून २०२० ला सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. चर्चा टिकटॉकची झाली. पण त्या यादीत क्यूक्यू लाँचर होतं, व्हॉल्ट-हाइड होतं, डीयू प्रायव्हसी होतं, एकाच फोनवर दोन व्हॉट्सॲप चालवू देणारं पॅरलल स्पेस होतं. २ सप्टेंबरच्या ११८ ॲपच्या दुसऱ्या यादीत लोकांनी पब्जीचं नाव पाहिलं. त्यात ॲपलॉक होतं, आणि एपीयूएस लाँचरही. म्हणजे आपल्या गाळ्यांतून वर्षानुवर्षं ‘टाकून दिलेली’ कुलपं आणि पहिली पानं अचानक सरकारी यादीत आली. ती फोनवर आधीच होती त्यांचं काय करायचं, हे कुणी समजावून सांगितलं नाही. कित्येक फोनांत ती तशीच पडून राहिली, नवी दुरुस्ती न मिळता, सगळ्या जुन्या परवानग्यांसकट.

दुसरा धडा ज्याची बदनामी कधीच झाली नाही अशा नोव्हा लाँचरचा. २०११ पासून केविन बॅरी या एका माणसाच्या जिद्दीवर ते उभं होतं आणि जगभरच्या जाणकारांचं आवडतं होतं. २०२२ मध्ये ब्रांच या कंपनीने ते विकत घेतलं, २०२४ मध्ये बहुतेक चमू कमी केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॅरी स्वतःच बाहेर पडले. चांगलं ॲपही उद्या कोणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही. सजावटीसाठी बाहेरचा लाँचर वापरायला माझी हरकत नाही, मी आनंदाने वापरते. कुलपासाठी मात्र बाहेर जाऊ नये असं माझं ठाम मत झालंय. कारण आता जायची गरजच उरलेली नाही. शाओमीच्या फोनमध्ये ॲप लॉक आणि २०१६ पासून सेकंड स्पेस, सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर, अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीत प्रायव्हेट स्पेस, आयफोनमध्ये २०२४ पासून बहुतेक ॲप चेहऱ्याने बंद करायची सोय. व्हॉट्सॲपने स्वतःचं लॉक अँड्रॉइडवर २०१९ मध्ये दिलं, एखादं संभाषणच बंद ठेवायची सोय मे २०२३ मध्ये. सेकंड स्पेस, सिक्युअर फोल्डर, प्रायव्हेट स्पेस यांत आतला कप्पाच वेगळा असतो. गाळेवाल्याकडून घ्यायची सेवा असेल तर ती हे शोधून, चालू करून घेण्याची असावी.

लोकलचा विषय न काढता या भागातल्या फोनबद्दल लिहिताच येणार नाही. डोंबिवली फास्टमध्ये आपला खांदा शेजाऱ्याच्या खांद्याखाली असतो आणि फोन सहा इंचांवर. लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर, तिकिटाचं ॲप, व्हॉट्सॲप, पैशांचं ॲप: कल्याण ते सीएसएमटी ५४ किलोमीटरच्या प्रवासातल्या माणसाचं पहिलं पान साधारण असंच असतं. त्यातलं एम-इंडिकेटर सचिन टेके यांनी २०१० मध्ये आणलं, आणि ते कुणी न सांगताच प्रत्येकाच्या पहिल्या पानावर जाऊन बसलं. कंपनीने आधीच भरून दिलेल्या किती ॲपना हे भाग्य लाभलं?

त्या सहा इंचांचा अभ्यासही झालेला आहे. नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या तीन लाख ८९ हजार ११२ जुळण्या होतात, त्यामुळे तो भक्कम वाटतो. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी लोकांना दुसऱ्याचा फोन उघडताना एकदाच पाहू दिलं. सहा ठिपक्यांचा पॅटर्न सुमारे ६४ टक्के लोकांनी बरोबर ओळखला. सहा आकडी पिन फक्त ११ टक्क्यांना जमला. पॅटर्न काढताना उमटणारी रेघ सेटिंगमधून बंद ठेवली तर ६४ चे ३५ होतात. आपल्याकडे तर पॅटर्नवर जीव आहे, आणि तो बहुधा नावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षराचा असतो. डब्यात बसून फोन उघडणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगेन की सहा आकडे ठेवा, निदान ती रेघ तरी घालवा.

आणि मग फटका. दारात उभ्या माणसाच्या हातावर रुळांलगतच्या खांबावरून किंवा खालून काठीने मारायचं, फोन पडला की उचलायचा. ठाणे-कळवा-मुंब्रा आणि पुढे कल्याणपलीकडे या फटक्यांनी माणसांचे हातपाय गेलेत, जीव गेलेत. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर गर्दीने माणसं गाडीबाहेर फेकली गेली, तेव्हापासून दाराशी उभं राहण्याची भीती आणखी वाढली आहे. पण दाराशी कुणी हौसेने उभं राहत नाही. फोनसाठी वाकू नका, गाडीतून उडी मारू नका, एवढं कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. फटका मारणाऱ्याच्या हाती फोन उघडाच लागतो, कारण तो आपण वापरत असतो. त्यामुळे स्क्रीनचं कुलूप त्या क्षणी निरुपयोगी, आणि पैशांच्या ॲपवरचं वेगळं कुलूपच कामाला येतं. ऑक्टोबर २०२४ पासून अँड्रॉइडमध्ये हिसका बसल्याचं ओळखून स्क्रीन आपोआप बंद करणारी सोय येऊ लागली आहे, ती चालू आहे का ते पाहावं. सिमला पिन लावावा, कारण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे येतात. चोरीचा फोन देशभर बंद पाडणारी सीईआयआर ही व्यवस्था आता दूरसंचार विभागाच्या संचार साथीवर सगळ्यांना मिळते. तिची पहिली चाचणी सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच सुरू झाली होती. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो, तो *#०६# दाबून आजच कागदावर लिहून घरी ठेवता येतो.

याच संचार साथीच्या ॲपवरून नोव्हेंबर २०२५ अखेर मोठा गदारोळ झाला. प्रत्येक नव्या फोनमध्ये ते आधीच भरलेलं असावं असा आदेश दूरसंचार विभागाने काढला, आणि टीका होताच ३ डिसेंबरला मागे घेतला. ॲप उपयोगी आहे, हे मी वर लिहिलंच आहे. पण उपयोगी वस्तूही विचारून द्यावी. माणसाने ते स्वतः पानावर आणून ठेवलं तर तो त्याची निगा राखतो.

घरातल्या घरात कुलूप कुणापासून, हा प्रश्न अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क नवरा-बायकोत कुठवर? २०२५ च्या जुलैमध्ये छत्तीसगढ उच्च न्यायालयाने सांगितलं की नवरा बायकोला फोनचा पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालेल असा निकाल दिला. दोन्ही निकाल वाचले की लक्षात येतं की न्यायालयंही ही रेघ अजून ओढत आहेत. मुलांच्या बाबतीत मी थोडी सावध आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या फोनमध्ये आई-वडिलांना न उघडणारा कप्पा नसावा. पण सोळाव्या वर्षी आईने मुलीच्या फोनवर लपून पहारा बसवावा, हेही मला मान्य नाही. उघड सांगून ठेवलेली मर्यादा मुलं पाळतात किंवा भांडून बदलून घेतात. लपवलेला पहारा कळला की ती दुसरा फोन मिळवतात. लहान मुलाला कार्टून लावून फोन द्यायचा असेल तर कुठलंही बाहेरचं ॲप नको. स्क्रीन पिन करायची सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून आहे, मूल त्या एका ॲपबाहेर सहजासहजी जात नाही.

सगळ्यात जास्त मन लावून करायचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं पहिलं पान. ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीच्या रामनगरात, कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत अशी कितीतरी घरं आहेत जिथे दोघंच राहतात, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. फोन हाच त्यांचा मुलांशी, बँकेशी, दवाखान्याशी दुवा. आणि त्या फोनचं पान पाहावं तर पाच पानं भरून आयकॉन. लॉक स्क्रीनवर न मागितलेल्या बातम्या आणि जाहिराती, चुकून बोट लागलं की भलतंच उघडतं. आजोबा म्हणतात ‘फोन बिघडलाय’, आणि आपण म्हणतो ‘बिघडला नाही, तुम्हीच काहीतरी दाबलंत’. दोष आजोबांचा नाही. पान वाईट रचलेलं आहे.

मोठ्या अक्षरांचे, सहा-आठ ठळक चौकोनांचे लाँचर मिळतात; बिग लाँचर हा त्यातला जुना. सॅमसंग, शाओमीच्या सेटिंगमध्येही सोपी पद्धत असते, ती आधी पाहावी. पण साधन दुय्यम. माझ्या एका मावशीचा फोन मी सोपा करायला घेतला तेव्हा मी आधी कागद घेऊन तिच्यासमोर बसले. तुला रोज काय लागतं ते सांग, म्हटलं. तिने सांगितलं ते ऐकून मी मनात ठरवलेलं पान पुसून टाकलं. तिला टॉर्च हवा होता, कारण जिन्यातला दिवा जातो. गॅस नोंदवायचा नंबर हवा होता. घड्याळ मोठं हवं होतं. लेकाचा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा फोटो हवा होता, दाबला की थेट फोन लागेल असा. नावं मराठीत. व्हॉट्सॲप दुसऱ्या पानावर चालेल म्हणाली, सकाळी उठल्या उठल्या ते नको वाटतं. पैशांचं ॲप तर नकोच म्हणाली. त्यावर आम्ही बोललो, आणि कमी रकमेच्या वेगळ्या खात्याला जोडून ते फोनच्याच लॉकमागे ठेवलं. अनोळखी माणसाने फोनवर कुठलंही ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लावायचा, म्हणून तो नंबर तिने स्वतः चौथ्या चौकोनात बसवायला लावला.

दिवाळीत नवे फोन येतात आणि जुने आई-वडिलांकडे जातात. डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि ठाण्याच्या तलावपाळीला पहाटे जमणाऱ्या गर्दीत नव्या कॅमेऱ्याचे फोटो निघतात, त्याच दिवशी घरात जुना फोन ‘तुला चालेल ना?’ म्हणत आईच्या हाती पडतो. त्यात मुलाचा पॅटर्न, मुलाचा ईमेल, मुलाने कधीकाळी टाकलेलं ॲप लॉक आणि त्याच्या सगळ्या परवानग्या तशाच असतात. तो देण्याआधी आपली खाती त्यातून काढावीत आणि मग फोन कोरा करावा. उलट क्रमाने केलं तर २०१५ पासूनचे अँड्रॉइड फोन जुन्या मालकाचा ईमेल आणि पासवर्ड मागत अडून बसू शकतात, आणि मुलगा तोवर बंगळुरूच्या गाडीत बसलेला असतो. नवं खातं आईच्या नावाने, तिच्यासमोर, तिला लक्षात राहील अशा पासवर्डने काढावं आणि तो तिच्याच वहीत तिच्या अक्षरात लिहून घ्यावा. भाषा मराठी. सिमला पिन. मग कागद घेऊन शेजारी बसावं, आणि पहिल्या चौकोनात काय हवं ते ती सांगेल.